दोनशे तासांनंतरचे तास

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्याकडे किमान 200 तासांचे उड्डाण लागते आणि त्यांपैकी 100 तास विमानाची जबाबदारी स्वतःवर असावी लागते. परवाना हाती आला तेव्हा मी स्वतःला पूर्ण तयार समजत होते. मात्र भरती थंडावली होती आणि कर्जाचे हप्ते सुरू झाले होते, म्हणून मी सहायक प्रशिक्षकाची पात्रता मिळवली आणि विदर्भातील एका धावपट्टीवर सेस्ना 172 मधून नवशिक्यांना शिकवू लागले. तो काळ तेव्हा मला वाया गेल्यासारखा वाटे.

तापलेली हवा विरळ होते, त्यामुळे पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाची ताकदही घटते, हे मी परीक्षेत लिहून आले होते. पण मे महिन्यात तेच विमान सकाळी सातला जिथे जमीन सोडत असे, ती जागा अकरा वाजता धावतच मागे पडे, आणि समोरची उरलेली धावपट्टी झपाट्याने आखडत जाताना पाहिल्यावर ते वाक्य मला खऱ्या अर्थाने समजले.

सर्वांत अधिक शिकवले ते विद्यार्थ्यांच्या लँडिंगने. नवखा हात नाक लवकर उचलतो, विमान जमिनीपासून काही फुटांवर तरंगते आणि वेग ओसरू लागतो. सुरुवातीला मी घाईने नियंत्रण माझ्याकडे घेत असे, त्यामुळे विद्यार्थ्याला चूक सुधारण्याची संधीच मिळत नसे. पुढे एकदा मी क्षणभर जास्त थांबले आणि विमान आपटले. आम्ही दोघे सुखरूप होतो. मी तसा अहवाल दिला आणि अभियंत्यांनी तपासणी करेपर्यंत ते विमान हँगरमध्ये राहिले. कुठवर थांबायचे याचा अंदाज त्यानंतरच्या कित्येक महिन्यांत, शेकडो लँडिंगनंतर येत गेला.

एटीआर या प्रवासी विमानावर सहवैमानिक झाल्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात, उतरताना वाऱ्याच्या झोताने वेग अचानक बदलला आणि माझ्या तोंडून "गो-अराउंड" निघाले. कॅप्टनसाहेबांनी तत्क्षणी शक्ती वाढवून विमान वर घेतले. खाली आल्यावर ते इतकेच म्हणाले, "वेळेवर बोललीस."

एटीपीएलसाठी, म्हणजे कॅप्टन होण्यासाठीच्या वरच्या परवान्यासाठी, लागणारे 1,500 तास आता पूर्ण झाले आहेत. कमांडच्या, म्हणजे कॅप्टनपदाच्या, प्रशिक्षणासाठी नाव द्यायचे का, अशी विचारणा झाली, तेव्हा आणखी एक पावसाळा सहवैमानिकाच्या उजव्या सीटवर काढण्याची परवानगी मी मागून घेतली.