रविवारी बॅटरी जास्त का संपत होती

एका मालवाहतूक कंपनीच्या हेल्पलाइनला मी अकरा दिवसांत पाच वेळा फोन केला आणि बोलणे झाले त्या दर वेळी पलीकडून पहिला प्रश्न एकच आला : तुमच्या गाडीचा नंबर सांगा. माझ्याकडे मालाची गाडी नाही. बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीत मी हिशेब आणि मालपाठवणीचे काम पाहतो. माझी अडचण गाडीची नव्हती, फोनच्या बॅटरीची होती. पण त्या अडचणीचे कारण याच प्रश्नात दडलेले होते आणि ते माझ्या लक्षात यायला चौथा फोन उजाडावा लागला. त्या अकरा दिवसांचा राग अजून मनातून गेलेला नाही. शिवाय बॅटरी खाणारे त्या कंपनीचे ॲप माझ्यासारखेच आणखी कितीतरी जणांच्या फोनमध्ये बसलेले असेल असे वाटते, म्हणून हे लिहीत आहे.

मी खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढे एका खेड्यात राहतो आणि रोज एसटीने बेळगावला ये-जा करतो. माझ्या अँड्रॉइड फोनची बॅटरी 5,000 एमएएचची आहे आणि मेपर्यंत ती सकाळी सहापासून रात्री झोपेपर्यंत सहज पुरत असे. जूनपासून दुपारी चारलाच ती पंधरा टक्क्यांवर येऊ लागली. जुलैमध्ये एका संध्याकाळी रस्त्यावर झाड आडवे पडल्याने बस अडीच तास अडकून राहिली आणि त्या वेळी माझा फोन बंद होता. घरी पोहोचलो तेव्हा आई शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसून होती. त्यांच्या फोनवरून तिने मला पुन्हा पुन्हा लावून पाहिले होते. त्या रात्री ठरवले की या गोष्टीचा छडा लावायचाच.

खडेबाजारातील एका दुकानदाराने बॅटरी बदलायला सांगितली होती. मी ती बदलली नाही आणि तो निर्णय बरोबर ठरला. फोन जुना झाल्यावर लिथियम-आयन बॅटरीची क्षमता घटते हे खरेच आहे, परंतु ती महिन्यामहिन्याने हळूहळू घटते. आठवड्याभरात बॅटरी अशी निम्म्यावर आली, तर आधी ॲपवर संशय घ्यावा.

सुरुवातीची कामे एका संध्याकाळीच आटोपली. सेटिंग्जमध्ये ॲपच्या माहितीच्या पानावर बॅटरीचा भाग असतो. तेथे बॅकग्राउंड वापरासाठी अनिर्बंध, ऑप्टिमाइझ्ड आणि प्रतिबंधित असे पर्याय मिळतात. शब्द फोनच्या कंपनीनुसार बदलतात आणि नव्या आवृत्त्यांत आधी बॅकग्राउंड वापराचे एक बटण दिसते. खरेदीची, बातम्यांची आणि खेळांची ॲप मी प्रतिबंधित केली. ‘बॅटरी वाचवणारे’ म्हणून कोणीतरी घालून दिलेले एक ॲप काढूनच टाकले, कारण ते स्वतःच दिवसभर जागे राहत होते. निरोपांचे ॲप मात्र प्रतिबंधित करू नये. मी ते केले आणि कच्चा माल पुरवणाऱ्याचा सकाळचा निरोप मला दुपारी, ॲप उघडल्यावर दिसला. ते पुन्हा ऑप्टिमाइझ्डवर ठेवले.

एवढे करूनही फरक फारसा पडला नाही. मग एक गोष्ट ध्यानात आली. रविवारी मी घरी असतो, फोन हातात कमी असतो, दुपारी तर तो कपाटावर पडून असतो. तरीही रविवारी बॅटरी कामाच्या दिवसापेक्षा लवकर संपत होती. फोन वापरल्यामुळे बॅटरी संपते असे धरून चालणाऱ्याला हे कोडेच वाटेल. मला मात्र कळून चुकले की न वापरतानाच फोन काहीतरी करत आहे आणि ते काम गावात आल्यावर त्याला अधिक जड जात आहे.

याची खात्री करण्याची एक सोपी रीत आहे. रात्री दहाला चार्जिंग काढून टक्केवारी कागदावर लिहायची, फोनला हात लावायचा नाही आणि पहाटे पाचला पुन्हा पाहायची. माझे तेवीस टक्के गेले होते. दुसऱ्या रात्री फोन सेफ मोडमध्ये सुरू करून हेच केले. त्या अवस्थेत आपण बाहेरून घातलेली ॲप चालत नाहीत. तीनच टक्के गेले. म्हणजे बॅटरी चांगली होती, फोन चांगला होता आणि दोष मी घातलेल्या एखाद्या ॲपचा होता. पहिल्याच दिवशी सेफ मोड आठवला असता तर माझे दोन आठवडे वाचले असते. वाचकांनी सुरुवात तेथूनच करावी.

त्यानंतर बॅटरी वापराचे पान नीट उघडून पाहिले. ही यादी पाहताना नुसती टक्केवारी पाहून भागत नाही. प्रत्येक नावावर बोट ठेवून स्क्रीनवरचा वेळ आणि बॅकग्राउंडचा वेळ वेगवेगळा वाचावा लागतो. मालवाहतूक कंपनीच्या ॲपसमोर लिहिले होते : स्क्रीनवर 4 मिनिटे, बॅकग्राउंडला 9 तास 40 मिनिटे. एकूण वापरापैकी एकतीस टक्के त्याचेच होते. सूचनांच्या पट्टीत त्याचे राखाडी चिन्ह कायम असे, बोटाने सरकवूनही ते जात नसे. दीड महिना ते माझ्या डोळ्यांसमोर होते.

हे ॲप मेअखेरीस आले. आमच्या मालाच्या लॉऱ्या कोल्हापूर-पुण्याकडे जातात. माल पोहोचल्याची पोच पूर्वी कागदावर येत असे, ती आता फोनवर येणार असे ठरले. कंपनीचा माणूस आला, त्याने माझा फोन घेतला आणि पाच मिनिटांत नोंदणी करून दिली. येईल त्या प्रश्नाला तो ‘अनुमती द्या’ दाबत गेला आणि मी शेजारी उभा राहून पाहत होतो. ॲपला स्थान ‘सर्व वेळ’ आणि बॅटरी ‘अनिर्बंध’ अशी मुभा त्याच वेळी मिळाली.

या दोन परवानग्या एकत्र आल्या की काय होते ते सांगतो. 2015 साली आलेल्या अँड्रॉइड 6 पासून फोनमध्ये डोझ नावाची सोय आहे. फोन चार्जिंगला नसेल, स्क्रीन बंद असेल आणि तो एका जागी स्थिर असेल, तर ॲपची कामे आणि इंटरनेट रोखून धरले जाते आणि अधूनमधून थोड्या वेळापुरतेच मोकळे सोडले जाते. ज्या ॲपला आपण स्वतःच बॅटरीच्या बंधनातून मोकळे केले, ते मात्र या काळातही प्रोसेसर जागा ठेवू शकते आणि नेटवर्क वापरू शकते. हे ॲप काही मिनिटांनी माझे ठिकाण शोधून आपल्या सर्व्हरकडे पाठवत होते. उद्यमबागेत टॉवर जवळ असल्याने ते काम थोड्या खर्चात होत असे. आमच्या गावात सिग्नलची एखादी काडी दिसते. सिग्नल क्षीण असला की फोनला अधिक जोर लावून प्रक्षेपण करावे लागते आणि पाठवलेले पोहोचले नाही तर पुन्हा पाठवावे लागते. माझ्या रविवारचे कोडे येथे सुटले.

कारण सापडले, पण सुटका होईना. स्थानाची परवानगी ‘ॲप वापरतानाच’ अशी केली. ॲप उघडताच लाल पट्टी आली की स्थान ‘सर्व वेळ’ करा. तिच्याखाली एकच बटण होते आणि ते सेटिंग्जमध्ये नेत असे. बॅटरी ‘प्रतिबंधित’ केली, तर पुन्हा तीच पट्टी. ‘फोर्स स्टॉप’ केले की ॲप थांबत असे आणि आपण ते पुन्हा उघडेपर्यंत थांबलेले राहत असे, परंतु रोजची पोच पाहण्यासाठी मला ते उघडावेच लागे. मग मी पोच उघडायची, तिचा स्क्रीनशॉट घ्यायचा आणि लगेच फोर्स स्टॉप करायचे असा क्रम लावला. तिसऱ्याच दिवशी गडबडीत थांबवायचे राहिले आणि बसमध्ये चढताना फोन नऊ टक्क्यांवर होता. ॲप काढून टाकावे, तर पोचेशिवाय बिल मंजूर होत नव्हते आणि महिनाअखेर जवळ आली होती.

म्हणून हेल्पलाइन. पहिला फोन मी कन्नडमधून केला, कारण निवडीत मराठी नव्हती आणि कामापुरते कन्नड मला येते. गाडीचा नंबर विचारला, मी नाही म्हणालो, तर ‘नंबराशिवाय तक्रार घेता येत नाही’ असे सांगून फोन बंद केला गेला. दुसऱ्यांदा हिंदीतून बोललो. त्यांनी ॲप काढून पुन्हा घालायला सांगितले. तसे केल्यावर सगळ्या परवानग्या पुन्हा द्याव्या लागल्या आणि मी पहिल्या पायरीवर आलो. तिसऱ्यांदा फाउंड्रीच्या फाटकाजवळच्या बाकावर सव्वीस मिनिटे तेच संगीत ऐकत बसलो. कोणीतरी ‘हॅलो’ म्हणाले, त्याच क्षणी पाळी सुटल्याचा भोंगा झाला आणि भोंगा थांबेपर्यंत पलीकडून फोन ठेवलेला होता. ज्याने दिवसभराच्या कामातून तेवढी सव्वीस मिनिटे काढली आहेत, त्याला तो क्षण कसा वाटतो हे शब्दांत सांगणे कठीण आहे. मदतीच्या पत्त्यावर ईमेलही पाठवला होता. त्याला आलेल्या उत्तरात स्थानाची परवानगी कशी द्यावी याची चित्रे होती.

चौथ्या फोनवर एक मुलगी कन्नडमधून बोलत होती. तिनेही गाडीचा नंबर मागितला. मी शांतपणे विचारले, “ताई, माल पाठवणाऱ्यांनाही तुम्ही गाडीचा नंबर विचारता का?” ती म्हणाली, “नाही सर, फक्त ड्रायव्हरना विचारतो. तुमच्या नावापुढे ड्रायव्हर असे आहे.”

त्या पाच मिनिटांच्या नोंदणीत कंपनीच्या माणसाने मला ड्रायव्हर करून टाकले होते. लॉरी कोठे आहे हे कंपनीला कळावे म्हणून ड्रायव्हरच्या फोनवर स्थान सतत लागते आणि ते योग्यच आहे. येथे मात्र जांबोटीपुढच्या खेड्यातील एका घरातल्या कपाटावर ठेवलेल्या फोनचा माग रात्रंदिवस काढला जात होता. भूमिका बदलण्यासाठी फाउंड्रीच्या लेटरहेडवर पत्र आणि जीएसटी प्रमाणपत्राची प्रत पाठवावी लागली. पाचवा फोन ते मिळाले की नाही हे विचारण्यासाठी केला आणि अकराव्या दिवशी बदल झाला. त्यानंतर ॲपने स्थान मागितलेच नाही. पोचेचा दुवा साध्या एसएमएसने येऊ लागला, तो ब्राउझरमध्ये उघडतो. म्हणजे पाठवणाऱ्याला हे ॲप मुळात लागतच नव्हते, ही गोष्ट पाच फोनांत एकानेही सांगितली नाही. मी ते त्याच दिवशी काढून टाकले.

त्या रात्री दहा ते पाच या वेळात चार टक्के गेले. पुढच्या रविवारी संध्याकाळी दिवे लावण्याच्या वेळेला अठ्ठावन्न टक्के बॅटरी शिल्लक होती आणि तो आकडा मी आईला दाखवला.

काही गोष्टी आता आठवतात त्या सांगतो. अलीकडे वापरलेली ॲप अंगठ्याने वर सरकवून बंद करण्याची सवय मला होती, ती सोडली. तशी बंद केलेली ॲप पुन्हा उघडताना पहिल्यापासून सुरू होतात आणि त्यातच अधिक बॅटरी जाते. स्थानाच्या सेटिंगमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ स्कॅनिंग वेगळे असते आणि वाय-फाय बंद असतानाही ते चालू राहू शकते, म्हणून तेही बंद केले. घरी पोहोचल्यावर नेटवर्कची पसंती 5जीवरून 4जीवर आणतो, कारण न मिळणाऱ्या 5जीच्या शोधात फोन उगाच दमतो. कणकुंबीकडून चोर्ला घाटात उतरताना फोन गोव्याचे टॉवर पकडतो. महाराष्ट्र-गोवा हे वेगळे दूरसंचार मंडळ असल्याने रोमिंगचे चिन्ह येते आणि मधल्या जंगलात नेटवर्कच नसते. तेवढ्या वाटेपुरता मी विमान मोड लावतो. फोटोंचा बॅकअप रात्री चार्जिंगवर असतानाच होऊ देतो. बॅटरीच्या यादीत ‘गूगल प्ले सर्व्हिसेस’ वरच्या बाजूला दिसले म्हणून घाबरून ते बंद करू नये. इतर ॲपनी मागितलेले स्थानाचे काम पुष्कळदा त्याच्या नावावर पडते, तेव्हा मागणारे ॲप शोधावे. स्थानाच्या पानावर नुकते कोणी स्थान वापरले त्याची यादी असते, ती याकामी उपयोगी पडते.

मागच्या आठवड्यात आमच्या पाठवणी विभागातील जुने कारकून माझ्या टेबलाजवळ आले आणि म्हणाले, “काय वो, तुमचा फोन आता टिकतोय, आमचा का मरतोय?” त्यांचे ॲप उघडून प्रोफाइल पाहिले. नाव त्यांचे, फोटो त्यांचा आणि खाली ड्रायव्हर. त्यांचीही नोंदणी त्याच दिवशी, त्याच माणसाने केली होती. त्यांच्यासाठीचे पत्र आणि प्रमाणपत्र मंगळवारी पाठवले आहे. उत्तर येईपर्यंत ते पोच पाहून झाली की फोर्स स्टॉप करतात, आणि पाचच्या भोंग्याआधी मी त्यांना त्याची आठवण करतो.