चुकलेली फोटोओळ

क्रीडा छायाचित्रकाराच्या हातून चुकीची फोटोओळ जाणे ही काही जगावेगळी गोष्ट नव्हे. खेळाडूचे नाव चुकते, कधी आडनावातले एखादे अक्षर निसटते, कधी गोल करणाऱ्याऐवजी त्याला मिठी मारणाऱ्याचे नाव छापून येते. मात्र ७ जुलै २०१७ रोजी माझ्याकडून जी चूक झाली ती मोजून सहा मिलिमीटरची होती.

मी मूळचा नाशिकचा. त्या वर्षी लियाँमध्ये राहून एका छायाचित्रसंस्थेसाठी हंगामी कंत्राटावर काम करत होतो. टूर द फ्रान्स या अनेक टप्प्यांच्या सायकल शर्यतीचे ते १०४वे वर्ष होते आणि त्या शुक्रवारी सातवा टप्पा होता: त्रुआ ते नुई-सें-जॉर्ज, २१३.५ किलोमीटर, जवळजवळ संपूर्ण सपाट. वाटेतली चित्रे मोटरसायकलवर बसून काढणारे दोन सहकारी वेगळे होते. माझ्याकडे फक्त अंतिम रेषा होती. म्हणजे सकाळी दहाला पोहोचायचे, आयोजकांनी दिलेले जॅकेट अंगात घालायचे, रेषेच्या पलीकडे रस्त्यावर आखून दिलेल्या पट्ट्यात आपली जागा धरायची आणि संध्याकाळच्या दहा सेकंदांसाठी दिवसभर उन्हात बसून राहायचे.

सपाट टप्प्याचे कथानक सगळ्यांना आधीच ठाऊक असते. सुरुवातीलाच चार-पाच जण पुढे निसटतात, मागचा मोठा घोळका त्यांना जाऊ देतो, आणि ज्या संघांकडे चांगला स्प्रिंटर, म्हणजे शेवटच्या काही मीटरांत सुसाट धावणारा, आहे ते आपला एकेक गडी घोळक्याच्या तोंडाशी लावून पुढच्यांची आघाडी आटोक्यात ठेवतात. घोळक्यात दुसऱ्याच्या आडोशाने चालणाऱ्याची ताकद खूपच कमी खर्च होते, पुढच्या मूठभरांना मात्र सगळा वारा आळीपाळीने आपल्याच छातीवर घ्यावा लागतो. त्यामुळे हा हिशेब बहुधा एकाच बाजूला झुकलेला असतो. रोबेर शापात हा फ्रेंच समालोचक स्वतः जुना सायकलपटू. त्याच्या नावाने एक आडाखा अजूनही सांगितला जातो: उरलेल्या दर दहा किलोमीटरमागे एक मिनिटाची आघाडी नसेल तर पुढचे पकडले जाणारच. त्या दिवशीही चौघे पुढे गेले, तासन्‌तास पुढे राहिले आणि अखेरीस गिळले गेले. मोठ्या पडद्यावर मी ते अर्धवट लक्षानेच पाहत होतो. शेजारचा म्हातारा फ्रेंच छायाचित्रकार तर घडीच्या स्टुलावर बसल्या बसल्या चक्क झोपला होता.

थोडी चिंता होती ती आडव्या वाऱ्याची. शेवटचा रस्ता बर्गंडीच्या द्राक्षमळ्यांमधून येत होता. आमच्याकडे नाशिकला द्राक्षवेल मांडवावर चढवलेली असते आणि तिच्याखालून माणूस चालत जाऊ शकतो. इथल्या वेलींच्या ओळी जेमतेम कमरेएवढ्या, त्यांचा वाऱ्याला आडोसा कसला होणार? वारा बाजूने जोरात आला तर घोळक्याची तिरकी शकले पडतात आणि पिवळ्या जर्सीवाला, म्हणजे एकूण शर्यतीत आघाडीवर असलेला, हाही मागे अडकू शकतो, म्हणून ती जर्सी घातलेल्या क्रिस फ्रूमचा संघ आणि स्प्रिंटर असलेले संघ अशा सगळ्यांचीच पुढे राहण्यासाठी धडपड चालली होती. घोळका मात्र फुटला नाही आणि सगळे एकत्रच गावाकडे आले.

आता दोन माणसांबद्दल सांगितले पाहिजे. जर्मनीचा मार्सेल किटेल आदल्याच दिवशी त्रुआमध्ये जिंकला होता आणि सगळ्यांच्या मते आजचाही विजेता तोच होता. दुसरा नॉर्वेचा एड्वाल्ड बोआसन हागेन. त्याच्या डायमेन्शन डेटा संघाचा खरा स्प्रिंटर मार्क कॅव्हेंडिश. पण चौथ्या टप्प्यात, व्हितेलमध्ये, अंतिम रेषेजवळ पडून त्याचे खांद्याचे हाड मोडले होते. त्या घटनेत पेटर सागानला शर्यतीतून काढून टाकण्यात आले होते. त्यामुळे आता शेवटच्या धावेची जबाबदारी बोआसन हागेनवर आली होती. मी किटेलच्या नावाची फोटोओळ सकाळीच लिहून लॅपटॉपवर तयार ठेवली होती, आणि आमच्या पट्ट्यातल्या बहुतेकांनी तेच केले असणार.

म्हातारा उठला, स्टूल मिटले आणि एक गुडघा टेकून बसला. सरळ रस्त्याच्या टोकाला प्रथम नुसती हलणारी रंगांची भिंत दिसते, नंतर तिच्यातून हेल्मेटे वेगळी होतात, आणि मग लेन्समधून पाहताना आजूबाजूचा आवाज ऐकू येईनासा होतो. बोआसन हागेन पुढे होता. किटेल बाजूने वर आला. रेषेवर दोघांनी एकाच क्षणी सायकली पुढे फेकल्या, म्हणजे हात ताठ, कंबर खोगिराच्याही मागे आणि पुढचे चाक जितके पुढे ढकलता येईल तितके पुढे. तिसरा आलेला मायकेल मॅथ्यूज त्यांच्या अगदी जवळ होता. मी बटण सोडले नव्हते, पण काहीतरी चुकते आहे हे बोटाला आधी कळले: कोणाचाच हात वर गेला नव्हता. विजेत्याचे चित्र म्हणजे वर गेलेले दोन हात, आणि इथे दोघेही मान वळवून एकमेकांकडे आणि पडद्याकडे पाहत होते.

कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर मी चित्रे मोठी करून पाहिली. एका चौकटीत बोआसन हागेनचे चाक स्पष्ट पुढे दिसत होते. निदान मला तसे वाटले. शेजारचा म्हातारा म्हणाला, "थांब, पंचांचे येऊ दे." पण पॅरिसहून संपादकाचा फोन आला, "कोण?" आणि मी म्हणालो, "नॉर्वे." किटेलची तयार ओळ पुसून मी नवी ओळ टाकली आणि चित्र पाठवले. सगळ्यांनी किटेल धरलेला असताना आपण एकट्याने खरे पाहिले, ही हौसही त्यात होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

काही मिनिटांनी पंचांचा निकाल पडद्यावर आला. किटेल. फरक ०.०००३ सेकंद, म्हणजे सहा मिलिमीटर.

त्या रात्री डिजोंजवळच्या हॉटेलात मी कागदावर साधे गणित मांडले. दोघांचा वेग ताशी ७० किलोमीटरच्या आसपास धरला, तर सेकंदाला ते १९ मीटरहून अधिक अंतर कापत होते. माझा कॅमेरा सेकंदाला १४ चित्रे घेत होता, म्हणजे माझ्या दोन चित्रांच्या मध्ये ते सुमारे १.४ मीटर पुढे सरकत होते; सायकलची दोन अख्खी चाके त्यात एकापुढे एक मावतील. मी मोठी करून पाहिलेली ती 'स्पष्ट' चौकट रेषेच्या आधीची तरी होती किंवा नंतरची तरी. शिवाय लांब पल्ल्याची लेन्स समोरून येणाऱ्या वस्तूंमधले अंतर चपटे करून टाकते, आणि मी रस्त्याच्या मध्यावर नव्हे तर थोडा कडेला बसलो होतो. कोण पुढे आहे हे त्या जागेवरून ठरवताच येत नव्हते.

पंचांचा फोटो फिनिशचा, म्हणजे रेषेवरचा निकाल ठरवणारा, कॅमेरा आपल्या अर्थाने चित्र काढतच नाही. तो एका फटीतून फक्त रेषेकडे पाहतो, सेकंदाला हजारो वेळा, आणि त्या अरुंद उभ्या पट्ट्या एकापुढे एक चिकटवत जातो. म्हणून त्या चित्रात डावी-उजवी बाजू ही जागा नसते, वेळ असते. सायकलीखाली डांबर दिसत नाही, सलग पांढरे दिसते, कारण कॅमेरा अखेरपर्यंत तीच रंगवलेली पट्टी पाहत असतो: ७२ सेंटिमीटरचा पांढरा पट्टा आणि त्याच्या मधोमध चार सेंटिमीटरची काळी रेघ. चाकाच्या तारा वाकड्या दिसतात. पंच त्यावर एक उभी बारीक रेघ सरकवत नेऊन पुढच्या टायरच्या कडेला टेकवतात. खेळाडूचे डोके, छाती, हात यांपैकी कशालाही तिथे किंमत नसते. प्रसिद्ध झालेले ते चित्र मी कितीतरी वेळा पाहिले आहे आणि नुसत्या डोळ्यांनी मला ते अजूनही बरोबरीचेच वाटते.

त्या सहा मिलिमीटरांचा भाव मोठा होता. हिरवी जर्सी गुणांत आघाडीवर असलेल्याची; तिच्यासाठी सपाट टप्प्याच्या विजेत्याला तेव्हा ५० गुण मिळत, दुसऱ्याला ३०. त्या संध्याकाळी हिरवी जर्सी आर्नो देमारच्या अंगावरून किटेलच्या अंगावर गेली. माझ्याकडे मात्र पॅरिसचा दुसरा फोन आला. चित्र मागे घेतल्याची सूचना ग्राहकांना गेली होती, पण नॉर्वेतल्या एका ग्राहकाने ते आधीच उचलले होते. संपादक ओरडला नाही. "तुला किती सेकंद घाई होती?" एवढेच त्याने विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता उद्याच्या टप्प्याची वेळ सांगून फोन ठेवला.

बोआसन हागेनचे दुर्दैव तिथे संपले नाही. सोळाव्या टप्प्यात, रोमां-सुर-इझेरला, तो पुन्हा दुसरा आला. या वेळी मॅथ्यूजच्या मागे, आणि तेही थोडक्यात. मग २१ जुलैला एकोणिसावा टप्पा आला: एम्ब्रां ते सालों-दे-प्रोव्हाँस, २२२.५ किलोमीटर, त्या वर्षीचा सर्वांत लांब. पुढे निसटलेल्या गटात तो होता. शेवटच्या काही किलोमीटरांवर एक गोल चौक आला. बाकीचे डावीकडून गेले, तो आणि निकियास आर्न्ट उजवीकडच्या जवळच्या वाटेने गेले, आणि चौकातून बाहेर पडताच त्याने आर्न्टलाही मागे टाकले.

मी पुन्हा रेषेपलीकडे बसलो होतो. तो एकटा आला, पाच सेकंदांनी पुढे, आणि माझी चौकट त्याच्या एकट्यानेच भरली होती. फोन वाजला. "कोण?" असे पॅरिसने विचारले, बहुधा मुद्दामच. पडद्यावर पंचांचा निकाल उमटेपर्यंत मी उत्तर दिले नाही.