रक्ताचा थेंब आणि मिठाच्या पाण्याच्या नळ्या

शरीरक्रियाशास्त्राच्या प्रात्यक्षिकात माझ्या वाट्याला तांबड्या पेशींचं परासरण आलं, म्हणजे कमी मिठाच्या बाजूकडून जास्त मिठाच्या बाजूला पेशीच्या पटलातून पाणी जाणं. रॅकमध्ये टेस्ट ट्यूब मांडल्या. पहिलीत ०.९ टक्के मिठाचं द्रावण, पुढे मीठ कमी-कमी करत शेवटी निव्वळ ऊर्ध्वपातित पाणी. प्रत्येकीत हिपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) घातलेलं थोडं रक्त टाकून हलकेच उलटसुलट करायचं आणि अर्धा तास हात लावायचा नाही. हे शेवटचंच सगळ्यात जड जातं.

पाण्याच्या ट्यूबला मात्र वाट बघावी लागलीच नाही. गढूळ लाल रंग बघता बघता पारदर्शक झाला. ट्यूबमागे धरलेल्या कागदावरची अक्षरं वाचता आली. पेशी फुटून हिमोग्लोबिन बाहेर आलं होतं. ०.९ टक्क्यांच्या ट्यूबमधून काही दिसेना, पेशी शाबूत होत्या. नंतर त्या तळाशी बसल्या आणि वरचं पाणी रंगहीन राहिलं.

खरी गंमत मधल्या ट्यूबमध्ये. साधारण ०.४५ टक्क्यांच्या आसपास वरच्या पाण्यावर गुलाबी झाक आली, तरी तळाशी पेशी होत्याच. ०.३ च्या सुमारास तळ मोकळा. म्हणजे सगळ्या पेशी एकदम फुटत नाहीत. म्हाताऱ्या पेशी आधी जातात. दोन्ही बाजूंनी खोलगट असलेल्या पेशीला फुगून गोल व्हायला जागा असते. गोल झाल्यावर मात्र पटल जेमतेम ताणतं आणि फाटतं. आनुवंशिक गोलपेशी विकारात पेशी मुळातच गोलसर, त्यामुळे त्या जास्त मीठ असतानाही फुटतात. ही तपासणी त्यासाठीच वापरात आली.

३ टक्के मिठातला थेंब स्लाइडवर घेतला. पेशी आक्रसलेल्या, कडेला बारीक काटे. सूक्ष्मदर्शकाखाली हे फार देखणं दिसतं, पेशीचं काही का होईना.

मग १.८ टक्के युरियाचं द्रावण. कणांची संख्या ०.९ टक्के मिठाच्या पाण्याइतकीच, म्हणून पेशी जशाच्या तशा राहतील असा माझा अंदाज. ट्यूब तर लगेच पारदर्शक! मीठ बाहेरच अडून राहतं, युरिया मात्र पटलातून सरळ आत शिरतो आणि त्याच्यामागे पाणी. तोच युरिया ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात विरघळवून घेतला, तेव्हा पेशी टिकल्या.