झडती कोणाच्या हाती द्यावी?

डिसेंबरचा शेवटचा आठवडा लागला की नवी मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, मग त्यांची स्वतःची चर्चची इमारत असो की रविवारपुरते भाड्याने घेतलेले शाळेचे सभागृह, वर्षअखेरीच्या रात्रीच्या उपासनेची तयारी सुरू होते. त्या रात्री साक्षी होतात, सरत्या वर्षाबद्दल उपकारस्तुती होते, बारा वाजता सगळे गुडघे टेकतात आणि घरी जाताना प्रत्येक जण नव्या वर्षासाठी पवित्र शास्त्रातले, म्हणजे बायबलमधले, वचन छापलेले कार्ड उचलतो. या प्रथेला मी नावे ठेवणार नाही. जर्मनीतल्या हेर्नहूट गावच्या मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीने १७२८ साली रोज एक वचन घरोघरी पोहोचवायला सुरुवात केली, १७३१ पासून ती वचने पुस्तकरूपाने निघू लागली आणि तो उपक्रम आजही चालू आहे. आमच्या कार्डांवरचे वचन मात्र बहुधा आशीर्वादाचेच निघते; तपासणीचे वचन छापलेले कार्ड माझ्या तरी हाती अजून आलेले नाही.

आत्मपरीक्षण होतच नाही, असे नव्हे. ते होते, पण त्याची मोजपट्टी ठरलेली असते: शास्त्रवाचन किती झाले, किती रविवार चुकले, दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, दिला की नाही. या गोष्टी मोजता येतात आणि मोजाव्यातही. पवित्र शास्त्राचे १,१८९ अध्याय वर्षभरात वाचायचे तर रोज तीन-चार अध्याय पुरतात, आणि कोपरखैरण्याहून ठाण्याला रोज जाणाऱ्याला बसायला जागा मिळाली तर (सकाळच्या गाडीत हा 'तर' फार मोठा असतो) त्यातला बराच भाग लोकलमध्येच होतो. अडचण एवढीच आहे की ही मोजपट्टी आपणच निवडलेली असते, आणि जिथे ती लावावी असे आपल्या मनातही येत नाही, तो कोपरा वर्षानुवर्षे तसाच राहतो.

जोनाथन एडवर्ड्स यांचे उदाहरण मला या बाबतीत अस्वस्थ करते. अमेरिकेतल्या या धर्मोपदेशकाने १७२२-२३ मध्ये, वयाच्या विशीच्या आसपास, स्वतःसाठी ७० संकल्प लिहून काढले. देवाच्या साहाय्याशिवाय आपल्याला काहीच करता येणार नाही अशी कबुली त्यांनी आरंभीच दिली, हे संकल्प आठवड्यातून एकदा वाचायचे असे बंधन घालून घेतले आणि दिवसाच्या, आठवड्याच्या, महिन्याच्या व वर्षाच्या अखेरीस आपण कुठे कमी पडलो हे स्वतःला विचारण्याचेही ठरवले. याहून काटेकोर शिस्त क्वचितच सापडेल. त्याच एडवर्ड्स यांनी १७३१ साली न्यूपोर्ट येथे व्हीनस नावाची सुमारे १४ वर्षांची गुलाम मुलगी ८० पौंडांना विकत घेतली. त्यांच्या संकल्पांत खाण्यापिण्याचा संयम आहे, वेळेचा हिशेब आहे, दुसऱ्याविषयी वाईट बोलण्याला आवर आहे. माणूस विकत घेण्याविषयी मात्र अक्षर नाही. ते ढोंगी होते म्हणून असे झाले, असे मला वाटत नाही. ढोंग असते तर उत्तर सोपे झाले असते. प्रामाणिक माणसाच्या प्रामाणिक तपासणीतूनही एवढी मोठी गोष्ट सुटून जाऊ शकते, ही खरी भीती आहे.

पवित्र शास्त्रातल्या एकशे एकोणचाळीसाव्या स्तोत्राचा कर्ता स्वतःची झडती स्वतः घेत नाही, देवाला घ्यायला सांगतो. ही विनवणी येते कुठे, तेही पाहण्यासारखे आहे. तिच्या आधीच्याच ओळींत तो देवाच्या वैऱ्यांचा आपण किती पराकोटीचा द्वेष करतो ते सांगत असतो. वैऱ्यांचा दुष्टपणा त्याला स्वच्छ दिसतो. आपल्या ठायी तसे काही आहे का, हे मात्र दुसऱ्याने पाहावे असे तो म्हणतो.

देव ही झडती कशी घेतो, याचे एक उत्तर यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ५८व्या अध्यायात आहे. उपासाचा विषय निघाला की त्याचा उल्लेख होतोच, पण मजुरांविषयीच्या ओळी भराभर मागे पडतात. आम्ही उपास करतो तरी तू पाहत का नाहीस, असे लोक विचारतात, तेव्हा देव त्यांच्या प्रार्थनेत दोष काढत नाही. उपासाच्या दिवशीही तुम्ही आपल्या मजुरांना राबवून घेता, असे तो सांगतो. तक्रार भक्ताची, पण साक्षीला उभा केला जातो तो त्याचा मजूर. शब्बाथाची, म्हणजे विसाव्याचा दिवस पाळण्याची, आज्ञा 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या ५व्या अध्यायात पुन्हा येते तिथेही हेच आहे: तुझ्याप्रमाणेच तुझ्या दासालाही आणि दासीलाही विसावा मिळावा. आमच्या सेक्टरमधल्या बायका आमच्याकडची धुणीभांडी रविवारीही करतात, आणि आम्ही प्रभूचा दिवस पाळायला वेळेवर पोहोचतो यात त्यांच्या त्या कामाचाही वाटा असतो. आमच्या भगिनी मंडळात हा विषय काढला तेव्हा, हा व्यवहाराचा प्रश्न आहे, आत्मिक नव्हे, असे एकीने सांगितले. मला ते पटलेले नाही.

म्हणून या वर्षी संकल्पांची यादी करण्याआधी मी माझ्या मुलीला, सासूबाईंना आणि घरकामाला येणाऱ्या मावशींना एकच प्रश्न विचारला: माझ्या कोणत्या सवयीचा भार तुमच्यावर पडतो? सासूबाईंनी तो हसण्यावारी नेला. मुलीचे उत्तर जणू तयारच होते. ती बोलत असताना माझा फोन उलटा ठेवलेला तिला हवा आहे, प्रार्थना गटाचा निरोप आला तरी. मावशी काही बोलल्या नाहीत, आणि त्यात नवल नव्हते, कारण ज्याच्या हातून पगार मिळतो त्याला खरे उत्तर देणे महाग पडू शकते. पुढे एकदा भांडी पुसता पुसता त्यांनी एवढेच सांगितले की सुट्टीचा वार एकदा ठरवून द्या, म्हणजे दरवेळी विचारायला नको.

अग्रक्रमाविषयी बोलताना आपण मत्तयाच्या शुभवर्तमानातले येशूचे 'प्रथम देवाचे राज्य मिळवण्यास झटा' हे वचन घेतो. त्याच डोंगरावरील प्रवचनात, एक अध्याय आधी, आणखी एक 'प्रथम' आहे: वेदीवर अर्पण आणले असताना भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून प्रथम त्याच्याशी समेट करायचा. या दोन्हींना धरून माझा क्रम ठरला आहे. मुलीचे आणि मावशींचे मागणे आधी, वाचनाचा तक्ता त्यानंतर.

आमच्या मंडळीत प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, महिन्याच्या पहिल्या रविवारी असते. त्या वेळी वाचले जाणारे 'माणसाने आत्मपरीक्षण करावे' हे प्रेषित पौलाचे वाक्य करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेले आहे, आणि तिथली मूळ तक्रार अशी होती की काही जण आधीच जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. तेव्हा तोच प्रश्न पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी पुन्हा विचारायचा, असे ठरवले आहे. मावशींनी सुट्टीसाठी रविवारच निवडला आहे, त्यामुळे शनिवारी त्या घरी येतातच.