तिनाचा एक करून द्या

"भाऊ, या तिनाचा एक करून द्या." काकांनी एवढंच म्हणून कॅरीबॅग काउंटरवर उपडी केली आणि आतून एकाच मॉडेलचे तीन मेलेले फोन बाहेर पडले, सगळे पाच इंची, मायक्रो यूएसबीवाले, कंपनीचं नाव राहू द्या. एकाला रबरबँड गुंडाळलेला होता, कारण बॅटरी फुगून फोल्डर वर आला होता. फोल्डर म्हणजे डिस्प्ले आणि टच एकत्र असतो तो, आमच्या लाइनीत कॉम्बो पण म्हणतात.

नाशिकला एमजी रोडवर माझं रिपेअरिंगचं काम आहे. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, एक टेबल, मायक्रोस्कोप, डीसी सप्लाय (बॅटरीऐवजी बोर्डला करंट देणारं मशीन) आणि मी. शेजारी नवीन फोनचं मोठं दुकान, हप्त्यावर मिळतात, त्यामुळे माझ्याकडे आलेलं गिऱ्हाईक खर्च ऐकून निम्म्या वेळा तिकडे वळतं. मी पण अडवत नाही. पण लहान फोनवाले वळत नाहीत हे मी बरीच वर्षं बघतोय.

काका एसटीत कंडक्टर. मी म्हणलं, काका, यात पैसे घालण्यापेक्षा शेजारी नवीन बघा ना. तर ते म्हणले, बघितला, हातात घेऊन बघितला. मग त्यांनी खाकी शर्टाच्या खिशाकडे बोट केलं. "याच्यात बसला पाहिजे आणि वाकलो तर पडला नाही पाहिजे. एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्या हाताने दांडी धरायची का तुमचा तो पाटा धरायचा?" आता यावर काय बोलणार. हल्ली दहा हजाराच्या आसपासचे बहुतेक फोन ६.७ इंचाच्या आसपास किंवा त्याहून मोठेच, वजन दोनशे ग्रॅमकडे. स्वस्त आणि लहान असं काही बाजारात राहिलंच नाही.

आधी होतं. २०१४ ला मोटो ई आला तो ६,९९९ रुपयांना, ४.३ इंच, लोकांनी उड्या टाकल्या होत्या. २०१७ च्या शेवटी रेडमी ५ए आला, ५ इंच, १३७ ग्रॅम, ३००० एमएएच बॅटरी, सुरुवातीला ४,९९९ ला, दोन सिम आणि मेमरी कार्डची जागा वेगळी, वर इन्फ्रारेड पण. तो अजून येतो माझ्याकडे, सिडकोतल्या एक मावशी पोळ्यांची कामं करतात, त्यांच्या कमरेच्या बटव्यात बसतो म्हणून त्यांनी दोनदा बॅटरी बदलून वापरलाय आणि टीव्हीचा रिमोट हरवल्यापासून टीव्ही पण त्याच्यावरच. त्याच दिवशी सकाळी केटीएचएम कॉलेजची एक मुलगी सेकंडहँड आयफोन मिनी मिळेल का विचारून गेली होती. तिला म्हणलं घे, पण १२ मिनीची बॅटरी मुळात २२२७ एमएएचची, त्यात वापरलेली, बॅटरी हेल्थ बघितल्याशिवाय पैसे देऊ नको. २०२१ च्या १३ मिनीनंतर अ‍ॅपलने पण ती साइज बंद केली, म्हणजे महागात पण नाही आणि स्वस्तात तर नाहीच नाही. लोक म्हणतात लहान फोनला मागणी नाही, माझ्या काउंटरवर येऊन बसा म्हणावं एक दिवस.

तर काकांचं. रबरबँडवाला त्यांचा स्वतःचा, आणि बाकीचे दोन त्यांनी भंगारवाल्याकडून तीनशे रुपयांना जोडी असे आणलेले, पार्टसाठी. डोकं चांगलं चालवलं होतं. आणि घाई कशाची तर भिशीची. डेपोतली भिशी काकांकडे, कोणी भरले कोणी उचलली सगळा हिशोब फोनच्या नोट्समध्ये, कागदावर काही नाही, गूगलला काही चढवलेलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी लिलाव. डेपोत दोघातिघांनी कुजबुज चालू केली होती म्हणे, की फोन बरा या टायमालाच बंद पडला. काका हसत सांगत होते पण चेहरा उतरलेला दिसत होता.

म्हणजे नुसता फोन चालू करून भागणार नव्हतं, त्यांचाच बोर्ड जिवंत करायला लागणार होता. बऱ्याच लोकांना वाटतं मेमरीचा आयसी, म्हणजे चिप, काढून दुसऱ्या बोर्डवर लावला की झालं. एन्क्रिप्शन चालू असलेल्या, म्हणजे आतला डेटा कुलूपबंद असलेल्या फोनात ते होत नाही, कुलपाची किल्ली त्याच बोर्डच्या प्रोसेसरशी बांधलेली असते.

पार्टला हात लावायच्या आधी मी भंगारातल्या दोन्ही फोनचे आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख नंबर, बघितले. फोन चालू असता तर *#०६# दाबलं असतं, हे मेलेले, म्हणून मागच्या स्टिकरवरून घेतले. केवायएम लिहून स्पेस देऊन तो पंधरा आकडी नंबर १४४२२ ला मेसेज केला की सरकारी यंत्रणेकडून उत्तर येतं, सगळ्यांनी जुना फोन घेताना करावं हे, फक्त एक मेसेज आहे. पहिला व्हॅलिड आला. दुसरा ब्लॅक लिस्टेड. म्हणजे कोणीतरी चोरीला गेला, हरवला म्हणून नोंदवून ब्लॉक केलेला. काकांना दाखवलं तर ते आधी भंगारवाल्यावर चिडले आणि मग म्हणले, नुसता स्क्रू तरी घ्या ना त्याचा. म्हणलं नाही काका, स्क्रू पण नाही. आता स्टिकर एकाचं आणि आतला बोर्ड भलत्याचाच असंही असू शकतं, पण माझ्या टेबलावर तसला फोन उघडलेला सापडला तर हे सगळं मी कोणाला समजावत बसू?

तिनाचे दोन राहिले.

फुगलेली बॅटरी काढणं हा प्रकार निवांत करायचा असतो. आत गॅस झालेला असतो, लोखंडी पट्टी घालून उचकटली आणि भोक पडलं तर पेट घेते. प्लॅस्टिकची पट्टी, कडेने आयपीएचे (साफसफाईच्या अल्कोहोलचे) थेंब, गोंद सुटेपर्यंत थांबायचं आणि निघाली की वाळूच्या डब्यात. काकांना विचारलं चार्जिंगला कुठे लावता, तर म्हणे गाडीत ड्रायव्हरशेजारी बोनेटवर, पॉवर बँक लावून. इंजिनाच्या डोक्यावर! कळवणपर्यंत तापत जायचा बिचारा, वर चार्जिंगची गरमी. कुठलीही बॅटरी फुगेल.

बॅटरी काढून बोर्ड डीसी सप्लायला लावला. पॉवर बटण दाबायच्या आधी करंट जवळजवळ शून्य पाहिजे, इथे लावल्या लावल्या काटा फुल आणि व्होल्टेज खाली, म्हणजे बॅटरी लाइन फुल शॉर्ट. शॉर्ट कुठे आहे ते शोधायला मग रोझिन, म्हणजे राळ. बोर्डवर रोझिनचा धूर धरला की पांढरा थर बसतो, मग कमी व्होल्टेज सोडायचं, जो पार्ट शॉर्ट आहे तो तापतो आणि फक्त त्याच्यावरचा थर वितळतो. मायक्रोस्कोपखाली बघत बसलो, काकांना पण बघू दिलं. पॉवर आयसीच्या शेजारचा एक बारका कॅपॅसिटर, मोहरीपेक्षा लहान, त्याच्यावरच पांढरं गेलं आणि काळं दिसायला लागलं. "एवढुसा?" काका म्हणले. "याच्यापायी मला चोर म्हणायला लागले?"

तो काढला, शॉर्ट गेला. तसा तो नसता तरी फोन चालला असता, लाइनीवर तसले बरेच असतात, पण व्हॅलिडवाल्या बोर्डवरून त्याच जागेचा काढून बसवला. फोल्डर पण त्याचाच, कोपऱ्यात एक रेघ होती पण टच चांगला. बॅटरी मात्र भंगारातली अजिबात नाही, ओळखीच्या होलसेलवाल्याकडून नवीन मागवली, कंपनीची आता मिळत नाही, जुळणारी मिळते, ती मीटरवर बघून मगच लावली.

लोगो आला तेव्हा काका पॅटर्न काढायला इतके घाईत की दोनदा चुकले. नोट्स उघडल्या, हिशोब होता. मी आधी त्यांना पूर्ण नोटचे स्क्रीनशॉट काढून मुलाला पाठवायला लावले आणि मगच मागचं झाकण बसवलं. एक सांगितलं की बॅटरी आणि फोल्डर मी बदलत राहीन, पण तुमच्या बँकेच्या अ‍ॅपने एक दिवस म्हणायला सुरुवात केली की अँड्रॉइड जुनं झालं, तर माझ्या हातात काही नाही. अँड्रॉइड ५ च्या खालच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप कधीच बंद झालंय, सरळ चालणारे फोन लोकांनी त्यापायी कपाटात टाकले. काका म्हणले, तोपर्यंत मी रिटायर होतो.

मजुरी आणि बॅटरी मिळून जे झालं ते शेजारच्या दुकानातल्या एका हप्त्यापेक्षा कमीच होतं. ब्लॅक लिस्टेड फोन त्यांनी जाताना पोलीस ठाण्यात दिला, तिथे तासभर बसवलं म्हणून नंतर मला फोनवर बोलले पण. भिशीचा लिलाव झाला, हिशोब जुळला, कुजबुज करणाऱ्यातल्याच एकाने या वेळची उचलली. पुढच्या महिन्यापासून मी पण यावं असा काकांचा आग्रह चाललाय. म्हणलं येतो, पण आधी एक वही घाला.