आमची वाटचाल : दादरचे कार्यालय आणि घरून चालणारे काम

दादर पश्चिमेला हिशेबलेखन आणि जीएसटीची विवरणपत्रे भरण्याचे काम करणारी आमची छोटी संस्था आहे. ग्राहक बहुतेक घाऊक व्यापारी. सहकारी मात्र विरार, बदलापूर, पनवेल अशा तिन्ही दिशांच्या टोकांकडून येणारे. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली, तेव्हा टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला सगळा डेटा कार्यालयातल्या संगणकावर आणि माणसे घरी, अशी अवस्था होती. डेटा क्लाउडवर नेण्याचे काम लवकर उरकले. खरी कसोटी लागली ती १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वसामान्यांना ठरावीक वेळांत लोकलची मुभा मिळाल्यावर, कारण तेव्हा काही जण कार्यालयात येऊ लागले आणि काही घरीच राहिले.

सगळे घरी असताना प्रत्येक गोष्ट लिहूनच कळवावी लागे. निम्मे परतल्यावर निर्णय पुन्हा चहाच्या वेळी होऊ लागले आणि घरून काम करणाऱ्यांपर्यंत ते उशिरा, तेही अर्धवट पोहोचू लागले. म्हणून सामायिक तक्त्यात लिहिल्याखेरीज कोणताही निर्णय झाला असे धरायचे नाही, हा नियम केला आणि तो मालकालाही लागू ठेवला. दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीचे २बी विवरण, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून बनणारी खरेदीची यादी, तयार होते आणि मासिक विवरणपत्र भरणाऱ्यांना ३बी, म्हणजे कर भरण्याचे विवरणपत्र, २० तारखेपर्यंत द्यायचे असते; त्या मधल्या दिवसांत ‘काम चालू आहे’ ही नोंद आम्ही चालवून घेत नाही. ‘दोन खरेदी बिले २बीत नाहीत, पुरवठादाराने आर-१ (विक्रीचे विवरणपत्र) भरलेले नाही, शेठना फोन केला, उद्या दुपारी पुन्हा विचारायचे’ एवढे लिहिलेले असले की बदलापूरला बसलेली सहकारी कोणालाही न विचारता ते काम पुढे नेते.

ट्रिप डॉट कॉम या चिनी कंपनीतल्या १,६१२ कर्मचाऱ्यांवरील प्रयोगाचे निष्कर्ष २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. आठवड्यातले दोन दिवस घरून काम दिल्यावर कामगिरीत घट झाली नाही, नोकरी सोडण्याचे प्रमाण मात्र सुमारे एक तृतीयांशाने उतरले, आणि लांबून येणाऱ्यांमध्ये ही घट ठळक होती. संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये दादरला चढून पाहिलेल्याला याचे नवल वाटणार नाही.

तरीही घरून काम करण्याची सक्ती आम्ही कधी केली नाही. वन रूम किचनमध्ये मुलांचा अभ्यास, सासऱ्यांचा टीव्ही आणि आपला लॅपटॉप एकाच खोलीत असेल, तर प्रवास वाचल्याचे सुख फार टिकत नाही. त्यामुळे कार्यालयातली प्रत्येकाची खुर्ची कायम आहे. मंगळवार आणि गुरुवारी मात्र सर्वांनी यायचे असते. नवीन उमेदवारांना सुरुवातीचे काही महिने रोज बोलावतो, कारण चुकलेली नोंद शोधताना अनुभवी माणूस आधी कोणते खाते उघडतो, हे शेजारी बसूनच शिकता येते. स्क्रीनवर नजर ठेवणारे सॉफ्टवेअर घेण्याचा सल्ला काहींनी दिला होता. तो आम्ही मानला नाही. विवरणपत्र वेळेत आणि बिनचूक भरले गेले की नाही, हे तक्त्यात दिसतेच.