कूलर खाली झाला का?

पोळ्याच्या आठ दिवस आधी आशाताईंच्या अंगणात बैठक घेतली. मी नागपुरातल्या एका वस्तीची आरोग्यसेविका. पिशवीत डेंग्यूचं दरवर्षीचंच पोस्टर होतं: आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा (साठलेलं पाणी ओतून भांडी कोरडी करा), वार शुक्रवार.

इथे डेंग्यूचं मोठं घर म्हणजे कूलर. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा कूलरशिवाय भागत नाही. पाऊस लागला की तो बंद होतो, पण तळाशी पाणी तसंच राहतं. डासाच्या अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

हे सगळं मी सांगितलं. माना डोलल्या. मग मागून एक बाई म्हणाली, "मॅडम, मागच्या वर्षी माह्या पोरीले डेंगू झाला, तवा तुमी मले रागावल्या. कूलर कोनाचा, हे इचारलं नाई."

मला ती खोली आठवली. कूलरमध्ये अळ्या वळवळत होत्या आणि पोरगी तापानं फणफणलेली. मी त्या आईला चार लोकांसमोर बोलले होते. कूलर घरमालकाचा होता, खिडकीला नटबोल्टनं कसलेला, पाणी सोडायचं बूच गंजून बसलेलं. तिचा नवरा दुसऱ्या गावी कामाला. ती एकटी काय करणार होती? मी तिथेच तिची माफी मागितली आणि पोस्टर गुंडाळून ठेवलं.

मग वही काढून विचारत गेले. शुक्रवारी घरी कोण असतं? कोणीच नाही, रविवार ठेवा. ड्रम का ओतत नाही? नळ एकाआड एक दिवस येतो, पाणी फेकायचं कसं? मग ड्रमला जुन्या साडीचं फडकं घट्ट बांधायचं ठरलं. घरमालकाकडे तिघी मिळून जाणार होत्या. (गेल्याही. बूच दोन दिवसांत बदललं.) एक पुरुष म्हणाला, पाणी काढणं आमचं काम, पण घासायचं कशाला? हे मात्र मला सांगावं लागलं: अंडी पाण्याच्या रेषेवर कडेला चिकटतात, कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. नुसतं ओतून भागत नाही.

एक आजी तोवर गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "मारबतीच्या सकाळी आपन वरडतोच ना, रोगराई घेऊन जा गे मारबत! मंग रोगराई कूलरात ठेवून कायले वरडाचं?"

मारबत म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मिरवून जाळतात तो पुतळा. इतक्या वर्षांत आमच्या एकाही पोस्टरवर असं वाक्य आलं नव्हतं. पहिल्या घासणीचा दिवस ठरला: मारबतीचा. त्याच संध्याकाळी तान्हा पोळा असतो, पोरं लाकडी बैल घेऊन घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात. कुणाच्या तरी बापानं सुचवलं, पोरांनी आधी कूलर पाहावा, मग बोजारा घ्यावा.

त्या संध्याकाळी मी ड्यूटी संपवून वस्तीत गेले. मागच्या वर्षी आजारी पडलेली ती पोरगी बैलाची दोरी धरून त्याच आजींच्या दारात उभी होती. स्टुलावर चढून तिनं कूलरच्या आतून बोट फिरवलं आणि आजींना दाखवलं.

"आजी, कड चिकट हाय."

आजींनी बोजाऱ्याचं नाणं परत कमरेला खोचलं आणि सुनेला हाक मारली, "अवं, घासनी आन!"